नवरीचे मामा कुठे आहेत

आमच्याकडे दारूनं कोणी मरत नाही, काविळीनं मरतात. माझे वडील काविळीनं गेले, थोरले चुलते काविळीनं गेले, आणि शेजारच्या गुरुजींना तर म्हणे दोनदा कावीळ झाली आणि दुसरीत ते गेले. खरं काय ते सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. तरी दहाव्याला जमलेली माणसं एकमेकांना गंभीर चेहऱ्यानं विचारतात, उसाचा रस दिला नव्हता का म्हणून. मला लहानपणापासून या प्रश्नाचा राग येतो. मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझं नाव सारिका. माहेर विट्याचं, सासरही विट्याचंच. आमच्या भागातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत. देशात कुठल्या कुठल्या सराफ पेठेत जाऊन दुकान थाटायचं, सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायची, आणि जत्रेला गावी यायचं. माझा धाकटा भाऊ संग्राम मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत सेलमला गेला. भाषा येईना, खोलीत एकटा, दिवसभर आगीपुढं उभं राहायचं. तो प्यायला लागला. आधी रविवारी, मग रोज, मग सकाळी उठल्या उठल्या.

एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज त्याचा वाटत नव्हता. भिंतीतून माणसं बाहेर येतायत, असं तो सांगत होता. त्यानं आदल्या दिवशी स्वतःच्या मनानं दारू एकदम बंद केली होती. खूप पिणाऱ्यानं अशी एकाएकी बंद केली तर भास होतात, झटके येतात, माणूस दगावूही शकतो, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी फोन घेऊन बसले. एक नंबर बंद होता. दुसऱ्यावर गाणं वाजत राहिलं. तिसऱ्यावर एका बाईंनी तमिळमध्ये बरंच काही सांगितलं, त्या चांगलंच सांगत असतील. चौथ्यानं रुग्णाला घेऊन सोमवारी या म्हटलं. तोवर इकडे आईनं देव पाण्यात ठेवले होते.

तेव्हा 'जोडणी' सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. व्यसन आणि मानसिक संकट यांसाठी सगळ्या देशाला मिळून एकच नंबर. पाचवा फोन मी तिथं लावला. त्यामागे एक यंत्र, ज्याला कुठल्या केंद्रात खाट रिकामी आहे, कुठला डॉक्टर कामावर आहे, कुठली गाडी मोकळी आहे हे त्या त्या क्षणी माहीत असतं. एवढ्यात काही फार हुशारी नव्हती, एसटीलासुद्धा कुठली सीट रिकामी ते कळतं. खरी हुशारी पुढं आली. सुरुवातीला जोडणी लोकांना सगळ्यात जवळच्या केंद्रात पाठवायची आणि लोक जायचेच नाहीत. खाट तयार, गाडी दारात, आणि माणूस म्हणतो, नको, उद्या बघू. आपल्या गावच्या केंद्रात आपली माणसं जात नाहीत. तिथला वॉर्डबॉय शेजारणीचा भाचा असतो, आणि आपण आत गेल्याची बातमी आपल्याआधी घरी पोचते. विट्याचा माणूस त्यासाठी कोकणात जातो आणि कोकणातला विट्याला येतो. हे नकार पाहत पाहत यंत्र शिकलं. ते अंतराबरोबर ओळखही मोजायला लागलं. भाषा आपली असावी, हाक मारली तर येता यावं, पण तोंडओळखसुद्धा नसावी, अशी जागा आणि असा माणूस ते शोधायला लागलं.

सेलममध्ये त्यानं संग्रामच्या मागच्या गल्लीतली एक मराठी बाई शोधून काढली. आटपाडीकडच्या गलाईवाल्याची बायको, तिचा भाऊ याच वाटेनं गेलेला. ती जोडणीची सोबती होती. जोडणीनं मागवलेली गाडी येईपर्यंत ती संग्रामचा हात धरून त्याच्याशी गावच्या बोलीत बोलत बसली. दवाखान्यातून तो कोकणातल्या एका केंद्रात गेला आणि तिथून माणूस होऊन घरी आला. त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही. नियमच तसा आहे.

या दुखण्यात कोणी बरा झाला असं म्हणत नाहीत. पिणं थांबलं तरी मेंदूतल्या जुन्या वाटा बुजत नाहीत. एखादा वास, एखादा रस्ता, एखादं भांडण पुरतं, आणि माणसाला स्वतःला कळायच्या आधी शरीर त्या वाटेला लागतं. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एरवी थोडं कमीजास्त होत असतं, ते एकसारखं व्हायला लागतं. त्वचेखालच्या पाण्यात ताणाची रसायनं वाढतात, श्वास उथळ होतो, झोप मोडते. यातल्या एकेका गोष्टीला अर्थ नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणालाही हे होतं. पण सगळ्यांचा मिळून एक नमुना बनतो, प्रत्येकाचा वेगळा, आणि काही महिने तो पाहिला की ओढ यायच्या आधी ती येताना यंत्राला दिसते. तांदळाच्या दाण्याएवढं हे यंत्र दंडात बसवतात. त्याचं नाव 'चाहूल'.

चाहूल बसवली की एक जवळचा माणूस नेमावा लागतो. संग्रामचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आई थकलेली, म्हणून मी. माझ्या फोनवर त्याच्या नावापुढं एक ठिपका आला. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. तांबडा झाला की खाली दोन बटणं उमटतात. एकावर लिहिलेलं असतं 'पथक पाठवा', दुसऱ्यावर 'मी सोबत आहे'. पहिलं दाबलं की माणूस असेल तिथून त्याला शोधून केंद्रात नेतात. दुसरं दाबलं की पथक येत नाही.

मला वाटलं, देव भेटला. हळूहळू मात्र असं व्हायला लागलं, की त्याच्याशी बोलायच्या आधी मी ठिपका बघायची. हिरवा असला तर हसून बोलायची, पिवळा असला तर जेवलास का, कुठं आहेस, कोण आहे बरोबर. वडलांच्या तिथीला ठिपका सकाळपासून पिवळा होता. मी दर थोड्या वेळानं फोन करत राहिले. शेवटी तो घरी आला आणि उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "अक्का, मला साधं रडायचं असलं तरी तुझी परवानगी काढायची का?"

मी त्याला फाडफाड बोलले. तुझ्यासाठी जीव टांगणीला लागलाय आमचा, आणि वर तूच ऐकवतोयस, असं बरंच काही. तो ऐकून निघून गेला. नंतर पोळ्या लाटताना मला ते कळलं. चाहुलीला ओढ दिसते. त्या ओढीचं माणूस पुढं काय करतो ते तिला दिसत नाही, आणि मी तर माणसाकडे बघायचंच सोडलं होतं.

पुढं संग्राम स्वतः सोबती झाला. कोणी जोडणीला हाक मारली की त्याचा फोन वाजायचा, तो हातातलं काम टाकून जायचा आणि कुठं गेला होता ते सांगायचा नाही. सांगायचं नसतंच, जवळच्या माणसालाही नाही. कायदा असा, की सोबत्याचं स्वतःचं दुखणं आणि सोबत्याचं काम यांचा यंत्राच्या आतसुद्धा एकमेकांशी संबंध येता कामा नये. म्हणजे जोडणी त्याला कुठं पाठवते ते चाहुलीला कळत नाही, आणि चाहूल काय दाखवते ते जोडणीला. कागदावर ही व्यवस्था फार उत्तम आहे.

आता लग्नाचं सांगते. माझी मुलगी ईश्वरी, तिला कराडचं स्थळ आलं. मुलगा ऋतुराज, वडील डॉक्टर जयसिंगराव थोरात, गुरांचे डॉक्टर, पंचक्रोशीत नाव. बैठकीच्या आधी सुरेखावन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, मला बाजूला घेऊन बजावलं, की संग्रामचं काही बोलायचं नाही. मी बैठकीत पोहे द्यायच्या आधीच सांगून टाकलं. मुलीचा मामा दारू प्यायचा, आता पीत नाही, पुढं कोणी तुम्हाला कानात सांगण्यापेक्षा मीच सांगते. वन्संनी कपाळाला हात लावला. जयसिंगराव असू द्या म्हणाले आणि त्यांनी तारखेचं विचारलं. मला हा माणूस आवडला.

पण वन्संनी हार मानली नव्हती. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. त्या जागी संग्राम उभा राहणार म्हटल्यावर वन्संनी आमच्या पोपटदादाला, माझ्या चुलतभावाला, गुपचूप फेटा बांधायला सांगितलं. राखीव मामा. वेळ सांगून येत नाही, असं त्यांचं म्हणणं. संग्रामला हे दिसलं होतं.  लग्नाच्या सकाळी फेटा बांधून घेताना मला म्हणाला, "आज मला ईशूला आणायचंय, अक्का. बाकी कोण काय म्हणतंय ते म्हणू दे." तो असं कधी काही मागत नाही.

कार्यालय विट्यातलंच. मांडवावर अक्षता टाकणारं ड्रोन घिरट्या घालत होतं आणि फोटोग्राफर त्याच्यावर ओरडत होता. नवरदेव बोहल्यावर येऊन उभा राहिला. भटजींनी माईकवरून पुकारलं, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. कोणी आलं नाही. त्यांनी परत पुकारलं. तेवढ्यात माझ्या कमरेला खोचलेला फोन थरथरला. संग्रामच्या नावापुढं तांबडा ठिपका होता. तो हिरव्यावरून एकदम तांबडा झाला होता, मध्ये पिवळा आलाच नव्हता.

 लगेच चाहुलीचा फोन आला. यंत्राचा शांत बायकी आवाज. आपण रुग्णाजवळ आहात का, आपल्याला ते दिसतायत का, आपण लवकर निर्णय घेतला तर बरं होईल. मी म्हटलं, शोधते. जिन्यापाशी वन्संनी गाठलं. त्यांनी संग्रामला वर जानवशाच्या खोल्यांकडे जाताना पाहिलं होतं. नवऱ्याच्या मित्रांनी वर रात्रभर काय मांडलं होतं ते कामवाल्यांनासुद्धा ठाऊक आहे, असं त्या म्हणाल्या. मागं पोपटदादा फेटा सावरत उभाच होता. आमचे हे हळूच म्हणाले, की पथकाला बोलवू या, निदान तो वाचेल तरी. वन्सं वाईट बाई नाहीत, आणि हे तर मुळीच वाईट नाहीत. त्यांना त्याचा जीव वाचवायचा होता. माझंही बोट बटणावरच होतं. फक्त मला एकदा त्याच्याकडे बघायचं होतं.

वरच्या मजल्यावर कोणी नव्हतं. सगळे खाली मांडवात. एका बंद दारामागून संग्रामचा आवाज आला. तो हळू बोलत होता आणि शुद्धीत होता. मी दारावर मारायला उचललेली मूठ तशीच राहिली.

"ते चढतंय तेवढं चढू द्या," तो सांगत होता. "कळ येते तसं असतं. वर जातं, वर जातं, आणि आपण काही दिलं नाही की आपसूक खाली येतं. अर्धा तास म्हणजे लई झालं. तोवर मला म्हशीचं सांगा. अडलेली म्हैस कशी सोडवता?"

मग दुसरा आवाज. थरथरत, अडखळत, मधूनच हुंदका गिळत तो सांगायला लागला. रेडकाची मान मागं वळलेली असली तर हात कसा घालायचा, म्हैस कळ देते तेव्हा ओढायचं नसतं, कळ थांबली की मान सरळ करून घ्यायची. हात पोळतो म्हशीच्या आत, तो म्हणाला, आणि रडायला लागला. संग्राम म्हणाला, "पुढं?"

तो माझ्या व्याह्यांचा आवाज होता.

मी भिंतीला टेकले. पुढचं मला नंतर कळलं, पण थोडंफार तिथंच उमगलं. जयसिंगरावांनी कराडपासून लांब, नागपूरकडं जाऊन, घरी प्रशिक्षणाचं कारण सांगून दारू सोडली होती. एकट्या विहीणबाईंना माहीत होतं. मुलाच्या लग्नाच्या दिवशी कपडे बदलायला ते खोलीत गेले आणि पोरांची अर्धी बाटली टेबलावर राहिलेली दिसली. बाहेर पडायचं तर पाय निघेना. त्यांनी दार लावून जोडणीला फोन केला, आणि मराठी बोलणारा, हाकेच्या अंतरावरचा, पण ओळखीचा नसलेला माणूस हवा म्हणाले. यंत्राला संग्राम सापडला. गाव वेगळं, धंदा वेगळा, फोनमध्ये एकमेकांचे नंबर नाहीत. बैठकीला संग्राम नव्हता, सुपारीला तो आजारी आईजवळ बसला होता. अक्षता पडल्यावर हे दोघं नात्यातले होणार, हे यंत्राच्या हिशेबात कुठून येणार? संग्रामनं दार वाजवेपर्यंत दोघांनाही ठाऊक नव्हतं कोण कोणाकडे येतंय.

आणि तो त्या बाटलीशेजारी बसला होता. तो वास त्याच्या नाकात जात होता, म्हणून माझ्या फोनवर तांबडा ठिपका. एकाच यंत्राच्या एका हातानं त्याला तिथं पाठवलं होतं आणि दुसरा हात त्याला पकडून न्यायला निघाला होता.

मी 'मी सोबत आहे' दाबलं. मी दाराबाहेर होते, पण होते.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. अक्षता अजून पडल्या नव्हत्या. माझी मुलगी ज्या घरात चालली होती त्या घरात काय आहे ते मला आता कळलं होतं आणि तिला नव्हतं. मी पिणाऱ्या बापाची मुलगी आहे. मला ते घर आतून माहीत आहे. संध्याकाळी फाटक वाजलं की आई आधी पावलांचा आवाज ऐकायची आणि मग आम्हाला अभ्यासाला बसवायची की झोपवायची ते ठरवायची. ईश्वरीला मी त्यातून लांब ठेवलं होतं. मला जयसिंगरावांचा भयंकर राग आला. मी माझ्या भावाचं सगळं सांगितलं आणि हा माणूस असू द्या म्हणून गप्प बसला. त्यांनी बैठकीत हे सांगितलं असतं तर मी मुलगी दिली असती का? नसती दिली. हे मी आज प्रामाणिकपणे लिहिते आणि लिहिताना मला बरं वाटत नाही.

खाली नवरीच्या खोलीत ईश्वरी मुंडावळ्या बांधून एकटी बसली होती. डोळ्यांतलं काजळ ओघळलं होतं. तिनं विचारलं, "मामा प्यालाय का?"

"नाही."

"मग कुठं आहे?"

"कामात आहे," मी म्हटलं. "येईल. तुला दुसऱ्या कोणाबरोबर जायचंय का?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं. सांगावं का? ओठांवर आलं होतं. पण वर त्या बंद दारामागं एक माणूस जे सोडवून घेत होता ते त्याचं होतं. ते माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं तर त्यानं पुन्हा कधी कोणाला फोन केला असता असं मला वाटत नाही. मी तिचं काजळ पुसलं आणि स्वतःच्या मुलीपासून काहीतरी लपवतेय या जाणिवेनं तिच्याकडे न बघताच तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. तिला वाटलं मी मामाच्या काळजीत आहे.

बाहेर भटजी पोपटदादाला हातानं बोलावत होते. मी सरळ बोहल्यावर चढले आणि त्यांच्या हातातून माईक घेतला. आयुष्यात मी माईकवर बोललेले नाही. "माझा भाऊ येतोय," मी म्हटलं. "तो आल्याशिवाय माझी मुलगी इथं येणार नाही. उशीर होईल, त्याबद्दल माफी असावी. पाहुण्यांना सरबत द्या." मांडवात कुजबुज सुरू झाली. वराकडच्या एका काकांनी मोठ्यानं मुहूर्ताचं काढलं. वन्सं माझ्याकडे बघतच राहिल्या. पुढच्या रांगेत विहीणबाई बसल्या होत्या. आपला नवरा कुठं आहे हे त्यांना कोणी विचारलं की उकडतंय म्हणून वर पडलेत असं त्या सांगत होत्या, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. माझी नि त्यांची नजरानजर झाली. त्यांनी मान खाली घातली. त्या बाईचा मात्र मला राग येईना.

मुहूर्त टळला. आमच्याकडे तो बहुतेक वेळा टळतोच, पण जेवणासाठी टळलेला लोकांना चालतो, माणसासाठी टळलेला चालत नाही. बऱ्याच वेळानं दोघं जिन्यावरून उतरले. जयसिंगरावांनी तोंड धुतलं होतं, केस ओले होते. ते कोणाकडे न बघता मुलाशेजारी जाऊन उभे राहिले. संग्राम माझ्यापाशी आला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, फेटा कलंडलेला. वन्सं नाक पुढं करून त्याच्याजवळ सरकल्या आणि मागं झाल्या. वास नव्हता. तरी त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय गेला नाही, कारण मग होता कुठं हा प्रश्न राहिलाच.

"अक्का, मला काही इचारू नको," तो म्हणाला.

"विचारत नाही. पोरीला आण."

त्यानं तिला आणलं. तिच्या पाठीशी तो उभा राहिला आणि मंगलाष्टकं होईस्तोवर त्याचा तिच्या खांद्यावरचा हात थरथरत होता, ते मला दिसत होतं आणि लोकांनाही दिसत होतं. लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. माझ्या मुठीत अक्षता होत्या. इतरांच्या पडल्या तरी माझी मूठ उघडेना. मग समोर जयसिंगरावांकडे लक्ष गेलं. ते डोळे मिटून उभे होते आणि गुरांच्या डॉक्टरचे ते दणकट हात एकमेकांत घट्ट धरलेले होते. मी अक्षता टाकल्या. लग्न लागलं.

दुपारी विहिणीची पंगत बसली. वराकडचे मानाचे लोक, नवरा-नवरी, समोर रांगोळी. आम्ही वाढत होतो. संग्राम मठ्ठ्याचं भांडं घेऊन फिरत होता. मघाचे ते काका जिलेबी मोडत म्हणाले, "जेवण झकास आहे हो. मामांनी तेवढा मुहूर्त घालवला." दोघंतिघं हसले. संग्रामनं त्यांच्या वाटीत मठ्ठा ओतला आणि पुढं सरकला. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ते कसे गिळले ते मला ठाऊक.

जयसिंगरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "काका, मुहूर्त मी घालवला," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण ते मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "मी दारू पीत होतो. सोडून अजून वर्ष झालेलं नाही. आज वर खोलीत बाटली दिसली आणि मला तिच्यापासून उठता येईना. मी मदत मागितली, तर हे आले. आपली भाची खाली थांबलीय हे माहीत असून माझ्याजवळ बसले. सांगायचं नाही हा नियम त्यांना आहे. मला नाही."

 विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. ऋतुराज बापाकडे असा बघत होता, की त्यालाही हे आत्ताच कळतंय ते दिसत होतं. संग्राम मठ्ठ्याचं भांडं धरून तसाच उभा राहिला, आणि वन्सं, आमच्या वन्सं, पुढं झाल्या नि ते भांडं त्याच्या हातातून घेऊन त्यांनी त्याला पाट दिला. मी या सगळ्यात फक्त ईश्वरीकडे बघत होते.  तिला पिणाऱ्या घराचा काही अनुभव नव्हता, आणि तिला त्या घरात मी कळूनसवरून पाठवत होते.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला हे आधीपासून माहीत होतं, ते तिला समजलं. ती रागावली की नाही ते त्या नजरेवरून मला सांगता आलं नसतं. मग ती सासऱ्यांकडे वळली.

"आबा," ती म्हणाली, "आत्ता कसं वाटतंय?"

जयसिंगरावांना या प्रश्नाची सवय नव्हती. त्यांनी खरोखर विचार केला.

"आत्ता बरं आहे. संध्याकाळचं सांगता येत नाही."

"मग संध्याकाळी परत विचारते," ती म्हणाली, आणि त्यांना भात वाढा म्हणून तिनं मला खूण केली.